वापसा आला की निघू

मी एक जुनी जीप आहे, मित्रांनो. जुनी म्हणा, मला राग नाही. पण खटारा म्हणालात तर हॉर्न वाजवीन, आणि माझा हॉर्न आता चांगला खणखणीत आहे बरं. माहूरच्या गडाखाली एका गावात, पत्र्याच्या शेडमध्ये माझा मुक्काम असतो. माझा रंग एके काळी हिरवा होता. आता कुठे हिरवा, कुठे तांबडा, आणि डाव्या कुशीला एक भलामोठा पोचा आहे. त्या पोच्याची गोष्ट मी सांगणारच आहे. पण आज मी एवढी बडबड करते आहे ती एका म्हातारीमुळे. तिला आपल्या धाकट्या बहिणीला भेटायचं होतं, बाकी काही नाही. मध्ये एक ओढा होता. तो ओलांडायचा की नाही, एवढाच प्रश्न होता. एवढासा प्रश्न, पण त्यानं आम्हा सगळ्यांना घाम फोडला.

माझा जन्म १९९४ सालचा. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी नवरीसारखी चकचकीत होते आणि मनात म्हणत होते की आपण आता मोठमोठ्या डांबरी रस्त्यांवर पळणार. कसलं काय! माझी रवानगी झाली नायगावला, एका सरकारी ऑफिसात. काम काय, तर कालवे बघा, तलावांचे बांध बघा, शेतात पाणी नेणाऱ्या चाऱ्या बघा. जिथं रस्ता संपायचा तिथं माझी नोकरी सुरू व्हायची. माझे ड्रायव्हर होते लिंबाजी. उंच, सडपातळ, मिशी बारीक आणि बोलणं त्याहून बारीक. पहिल्या दिवशी ते माझ्यात बसलेच नाहीत. खाली वाकून त्यांनी माझी चारही चाकं पाहिली, मग वाटेवरची मूठभर माती उचलली, आणि मला म्हणाले, "बाई, तू लोखंडाची हायस खरी, पण चालायचंय तुला मातीवर. मातीचं ऐकत जा."

मी मनात हसले. माझी चारही चाकं जोर लावतात, मला माती काय करणार? पहिल्याच पावसाळ्यात माझा नक्षा उतरला. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी कडक असते, भेगा अशा की कोंबडीचं पिल्लू आत पडावं. पण पाऊस पडला की तीच माती लोण्यासारखी मऊ आणि डिंकासारखी चिकट होते. आधी टायरला बसते, मग मडगार्डमध्ये गच्च भरते, आणि मग चाक फिरतच नाही. इंजिन ओरडतंय, धूर निघतोय, आणि मी जागच्या जागी! त्या दिवशी दोन बैल आणून मला बाहेर ओढावं लागलं. बैलांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी अजून विसरले नाही.

तेव्हापासून लिंबाजींचा एक नियम झाला. वापसा आल्याशिवाय गाडी आडवाटेला घालायची नाही. मित्रांनो, तुमच्यापैकी जे शेतकऱ्यांच्या घरातले आहेत त्यांना वापसा ठाऊक असेल. पावसानंतर जमिनीतलं जास्तीचं पाणी जिरतं, माती ना चिखल राहते ना कोरडी पडते, पेरणीची तिफण घालता येते, तो वापसा. लिंबाजी खाली उतरायचे आणि मूठभर माती दाबून तिचा मुटका करायचे. मुटका बोटांना चिकटला की "आज न्हाई." टिचकी मारल्याबरोबर फुटला आणि हात स्वच्छ राहिला की "चल बाई." ऑफिसातले साहेब घड्याळ दाखवायचे. लिंबाजी हात दाखवायचे.

हळूहळू त्यांनी मला बारा महिने शिकवले. उन्हाळ्यात आम्ही उजाडताच निघायचो आणि ऊन तापायच्या आत लिंबाच्या सावलीला यायचो. टायरमधली हवा टायर गार असतानाच तपासायची, कारण तापलेल्या मुरमावर ती फुगते. पाण्याचे कॅन दोन, एक माणसांना आणि एक माझ्या रेडिएटरला. माझं आधी, असं मी म्हणायचे, पण माझं कोण ऐकतं! हिवाळ्यात गडाच्या वळणांवर धुकं बसलं की लिंबाजी गाडी बाजूला घेऊन बिडी ओढत बसायचे आणि धुकं उठल्यावरच हलायचे. वीज कडाडायला लागली की एकटं झाड टाळायचं, आणि माझ्या कापडी टपाच्या भरवशावरही बसायचं नाही, जवळच्या पक्क्या घरात जायचं. एकदा मार्चात गारा पडल्या आणि माझ्या टपाची चाळण झाली. लिंबाजींनी स्वतः दाभण घेऊन ती शिवली. शिवण वाकडी आहे, पण मला ती आवडते.

आता पोच्याची गोष्ट. त्याला पंधरा-सोळा वर्षं झाली. ऑफिसला नव्या गाड्या आल्या, माझा लिलाव झाला, आणि लिंबाजींनी मला विकत घेऊन आपल्या गावी, माहूरखाली आणलं. नोकरीतून सुटले होते, आनंदात होते. आभाळ कसं, धुतलेल्या ताटासारखं स्वच्छ! मोहवाडीच्या वाटेवर जो ओढा लागतो त्यात गुडघाभर पाणी होतं. आयुष्यभर सावध राहिलेला माणूस त्या दिवशी म्हणाला, "ऊन पडलंय, पाऊस कुटं हाय," आणि मला ओढ्यात घातलं. आम्ही मध्यावर असताना वरून लोंढा आला. पाऊस आमच्या डोक्यावर नव्हता, तो वरच्या डोंगरात झाला होता. पाण्यानं मला उचललं, शंभर पावलं वाहत नेलं आणि एका बाभळीवर आदळलं. लिंबाजी त्या बाभळीवर चढले. जीव वाचला, पण बाभळीनं भाडं वसूल केलं. त्यांची बायको दोन दिवस सुईनं काटे काढत होती आणि दर काट्याला एक शिवी देत होती.

त्यानंतर दुसरा नियम झाला. लिंबाजींची बहीण चांगुणा त्याच ओढ्यावर, बरीच वर, पळसवाडीला दिलेली आहे. तिच्या घरामागं ओढ्यात धुण्याचा एक मोठा दगड आहे. ओढ्यात उतरण्याआधी चांगुणाबाईंना फोन करायचा आणि विचारायचं, "दगड दिसतो का?" दगड दिसत असेल तर जायचं. दिसत नसेल तर डोक्यावर कितीही ऊन असो, चाक पुढं टाकायचं नाही.

मित्रांनो, चांगले दिवसही जातात. लिंबाजींचे हात थरथरायला लागले. डोळ्याचं ऑपरेशन झालं, तरी लांबचं नीट दिसेना. एक दिवस त्यांनी माझी किल्ली घरातल्या खुंटीला अडकवली आणि ती तिथंच राहिली. मी दोन वर्षं लिंबाखाली उभी होते. टायर बसले. उंदरांनी वायरी खाल्ल्या. मागच्या सीटवर एका कोंबडीनं संसार थाटला, आणि मी, जिनं अख्खा तालुका पालथा घातला ती मी, अंडी उबवत बसले! हॉर्न तर मुकाच झाला. येणारे-जाणारे म्हणायचे, "लिंबाजी, भंगारात का घालत न्हाई?" लिंबाजी तिकडं लक्ष द्यायचे नाहीत. मला मात्र फार वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू?

मग रूपाली आली. ही लिंबाजींची लेक. नांदेडला एका गॅरेजच्या ऑफिसात बसून बिलं लिहायची आणि बिलं लिहिता लिहिता गाड्या दुरुस्त करायला शिकली. तिनं कोंबडीला हात जोडून खाली उतरवलं आणि माझं बॉनेट उघडलं. दोन महिने तिची नखं काळी होती. टायर बदलले, वायरी बदलल्या, ब्रेक केले. शेवटी हॉर्न उरला. लिंबाजी खाटेवरून म्हणाले, "हॉर्न ऱ्हाऊ दे. रानात कुणाला वाजवायचाय? हरणाला?" रूपाली म्हणाली, "बाबा, गाडीला तोंड पाहिजेच." आणि तिनं तो दुरुस्त केला. पहिल्यांदा वाजला तेव्हा गल्लीतली तीन पोरं रडायला लागली आणि मी खूश झाले.

रूपालीचा बेत असा होता की शहरातल्या लोकांना माझ्यातून आडवाटेनं फिरवून आणायचं. डोंगर, जंगल, जुन्या गाडीवाटा. हल्ली लोकांना रस्ता नसलेल्या ठिकाणी जायची भारी हौस असते. आम्हाला ते दिवस फुकट मिळाले होते, पण असो. लिंबाजींनी किल्ली तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "माणसं जशी नेलीस तशी परत आण. मोबाईलवर आभाळ बघ, हरकत न्हाई. पण माती हातानं बघ, अन् आत्याला फोन कर. ह्यात चूक झाली तर किल्ली माज्या खुंटीला."

पहिलं गिऱ्हाईक आलं ते अहमदपूरचं. आदिनाथ नावाचे पन्नाशीचे गृहस्थ, मार्केट यार्डात कामाला, तिथं ओरडून ओरडून आवाज मोठा झालेला. त्यांना त्यांच्या आईला मोहवाडीला न्यायचं होतं. आई म्हणजे साखराबाई, "ऐंशीला एक कमी" असं स्वतःच सांगायच्या. मोहवाडीला त्यांची धाकटी बहीण नागुबाई राहते. सात वर्षं दोघींची भेट नव्हती. साखराबाईंचे गुडघे गेलेले, आणि मोहवाडीला डांबरी रस्ता नाही, नुसती गाडीवाट. नागुबाईंना एसटीत बसलं की उलट्या होतात, त्यामुळे त्या वाडी सोडायच्या नाहीत. फोनवर बोलायच्या, पण नागुबाईंचा फोन नातवाच्या ताब्यात, आणि साखराबाईंना ऐकू कमी. साखराबाई रूपालीला म्हणाल्या, "पोरी, एकदा तिचं तोंड बघू दे मला. मग मी कुटंबी जायला मोकळी."

हे ऐकलं मात्र, मी ठरवलं, ह्या माउलीला मी नेणार म्हणजे नेणार.

भाद्रपद संपत आला होता, सोयाबीन पिवळं पडत होतं. हे परतीच्या पावसाचे दिवस. सकाळी लख्ख ऊन आणि दुपारी कुठून ढग येतात कळत नाही. रविवारी असा पाऊस झाला की शेडचा पत्रा दणाणून गेला. जायचं ठरलं होतं मंगळवारी. लिंबाजी म्हणाले, "गुरवार-शुक्कारपर्यंत थांब. माती वली हाय." रूपालीनं फोन लावला, तर साखराबाई ऐकेनात. "मंगळवार आईचा वार हाय. गडावर रेणुकामाईचं दर्शन घिऊन मगच भनीकडं जायाचं, असं म्या बोललेय. वार मोडायचा न्हाई." रूपालीची पहिलीच खेप. गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं? ती 'बरं' म्हणाली.

आणि मंगळवारी तरी वेळेवर यावं! रूपालीनं सांगितलं होतं, सातला निघू आणि दुपारच्या आत परत येऊ. पण दर्शनाला रांग, रांगेनंतर चहा, चहानंतर गडावरून फोटो. आम्ही निघालो तेव्हा साडेअकरा वाजले होते. साखराबाई पुढच्या सीटवर बसल्या होत्या, मांडीवर स्टीलचा मोठा डबा. डब्यात बहिणीसाठी तिळाच्या पोळ्या. डबा त्यांनी कुणाच्या हातात दिला नाही, अगदी सीटवरसुद्धा ठेवला नाही.

मुरमाच्या टेकडीवरून आम्ही छान गेलो. साखराबाई प्रत्येक दणक्याला "अगं बया!" म्हणायच्या आणि हसायच्या. आणि टेकडीच्या पलीकडे ओढा दिसला. पाणी घोट्याएवढं. पलीकडच्या काठावर, तीसएक पावलांवर, हिरव्या लुगड्यातली एक काटकुळी म्हातारी उभी होती. नागुबाई! सकाळपासून येऊन थांबली होती. तिनं दोन्ही हात वर केले आणि हाक मारली, "आक्काऽऽ!" ती हाक साखराबाईंना ऐकू गेली. आदिनाथ कानाशी येऊन ओरडतात ते त्यांना ऐकू येत नाही, पण ही ऐकू गेली. त्यांनी पदर डोळ्याला लावला.

रूपालीनं मला टेकडीवरच, मुरमावर थांबवलं आणि तोंड माघारी वळवून उभं केलं. ती खाली उतरली, ओढ्याच्या उतारावरची माती मुठीत दाबली. मुटका बोटांना चिकटला, झाडला तरी सुटेना. मग तिनं फोन लावला. स्पीकरवर चांगुणाबाईंचा आवाज आला. "रूपे, कुटं हायस गं? वड्यात उतरू नगंस बाई! इकडं सकाळधरनं धो धो पडून राहिलाय. मघाशी दगड अर्धा दिसत व्हता. आता दिसंना."

"दगड बुडून किती वेळ झाला, आत्या?"

"आता ते कसं सांगू? एकदा च्या झाला, मग म्हशीला पेंड घातली, मग पुन्ना च्या ठिवला."

रूपालीनं फोन ठेवला आणि वर पाहिलं. आमच्या डोक्यावर लख्ख ऊन होतं. ढगाचा एक तुकडा नाही.

"न्हाई जमायचं, भाऊ," ती आदिनाथना म्हणाली. "वरून पाणी येऊन राहिलंय."

आदिनाथ आधी हसले. मग चिडले. "पाणी कुटं हाय? घोटाबी बुडंना. काऊन भेव दाखवायलीस? तिकडून पाणी यायला किती वेळ लागतो?"

"पाऊण-एक तास, अंदाजे."

"अन् वलांडायला?"

"दोन मिन्टं."

"मग झालं की! दोन मिन्टात आईला पल्याड सोड, तू माघारी ये. तिची भन समोर हाय पोरी, समोर! सात वर्सं झाली!"

खरं सांगते मित्रांनो, त्यांचं म्हणणं मला पटलं. माझी चाकं शिवशिवत होती. दोन मिनिटं म्हणजे काय! मी अशा शंभर ओढ्यांतून गेले आहे. पण रूपालीनं आपली चिखलानं भरलेली बोटं त्यांच्यासमोर धरली.

"अडकले न्हाई तर दोन मिन्टं, भाऊ. ही माती बघा. उतारावर चाक बसलं तर? आज्जीला घेऊन मधीच ऱ्हायलो तर? अन् आत्याचा च्या कवा झाला, मला ठावं न्हाई, तुम्हाला बी न्हाई."

"मग सांगितलं काऊन न्हाईस आधी?"

"माजी चूक हाय," रूपाली म्हणाली. "बाबांनी सांगितलं व्हतं, थांब म्हून. मी तुम्हाला न्हाई म्हणाय पाहिजे व्हतं, म्हणले न्हाई. आता म्हणून राहिले. गाडी वड्यात घालणार न्हाई."

साखराबाई इतका वेळ बहिणीकडे बघत होत्या. काय चाललंय ते त्यांना हळूहळू उमगलं. त्या रूपालीकडे वळल्या आणि जे बोलल्या ते मला अजून टोचतं. "हे डबडं घिऊन आलीस कशाला मग? नुस्तं दाखवायला? लांबून तर मी सपनातबी बघते तिला."

डबडं म्हणाल्या, तरी मला राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर ह्याहून वाईट बोलले असते.

एवढ्यात पलीकडं नागुबाईंनी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं. "तू यीना तर मी येते गं आक्का!" असं ओरडून ती म्हातारी तरातरा ओढ्यात उतरली. रूपाली "मावशी, थांबा! माघारी व्हा!" म्हणून ओरडली, आदिनाथही ओरडले, पण तिचं लक्ष फक्त बहिणीकडे. एक पाऊल, दोन पावलं, दहा पावलं. आणि तेव्हा वरच्या वळणाकडून तो आवाज आला. दुरून खडी भरलेला ट्रक रिकामा करावा तसा. मी तो आवाज एकदा ऐकला होता. माझ्या डाव्या कुशीला तो ठाऊक आहे.

रूपालीनं धावत येऊन माझ्या हॉर्नवर दोन्ही तळहात दाबले.

मित्रांनो, मी वाजले! आयुष्यात इतकी कधी वाजले नव्हते. मुक्यानं काढलेल्या त्या दोन वर्षांचं सगळं मी त्या वेळी वाजवून टाकलं. नागुबाई दचकून थांबल्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. रूपाली एका हातानं हॉर्न दाबत होती आणि दुसऱ्या हातानं माघारी जा, माघारी जा असं सांगत होती. नागुबाईंनी वळून वरच्या बाजूला पाहिलं, आणि मग त्या ज्या पळाल्या! पंच्याहत्तरीची बाई, पण शेळीसारखी काठ चढून वर गेली. तिचे पाय कोरड्याला लागले आणि मागून पाणी आलं. तांबडं, फेसाळ, उपटलेलं सोयाबीन, कापसाच्या पळाट्या, कुणाची प्लास्टिकची घागर, सगळं पोटात घेऊन. जिथं घोटाभर पाणी होतं तिथं पुरुषभर झालं. पाऊण तास कुठला, फोन ठेवून वीस मिनिटंही झाली नव्हती.

आदिनाथ मटकन खाली मुरमावर बसले. साखराबाईंनी रूपालीचा चिखलाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि तसाच धरून ठेवला.

मग काय झालं असेल असं तुम्हाला वाटतं? आम्ही माघारी निघालो? छे! दोन्ही म्हाताऱ्या आपापल्या काठावर, पाण्यापासून चांगल्या वर, बसल्या. नागुबाईंचा आवाज म्हशी हाकून तयार झालेला, तो पाण्यावरून सहज इकडं यायचा. साखराबाईंचा आवाज मात्र चार पावलं जाईना. म्हणून मग आदिनाथना उभं केलं. मार्केट यार्डात सौदे पुकारणारा तो दणकट आवाज, त्याला काम मिळालं.

"मावशीऽऽ! आई म्हणतीया, तुजे पुढचे दात कवा पडलेऽऽ?"

"दोन वर्सं झालीऽऽ! तिला म्हनावं, तू कशी इतकी वाळलीस?"

"आई म्हणतीया, मी वाळले न्हाई, लुगडं मोठं हायऽऽ!"

आदिनाथनी पाऊण तास बायकांच्या गप्पा ओरडून सांगितल्या. सुनांची गाऱ्हाणी सांगायची वेळ आली तेव्हा ते इकडंतिकडं बघायला लागले, पण साखराबाईंनी सोडलं नाही. रूपाली पोट धरून हसत होती. मग नागुबाईंनी विचारलं, "आक्का, अशा वल्या मातीत मंगळवार धरून काऊन आलीस गं?"

"आईचा वार म्हून," आदिनाथनी ओरडून सांगितलं.

पलीकडून नागुबाई कडाडल्या. "अगं, जल्मभर पेरायला वापसा बघितलास, अन् यायला वार बघतीस व्हय? रेणुकामाय काय बुधवारी झोपती का?"

साखराबाई तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

जेवायची वेळ झाली. नागुबाईंनी तिकडं फडक्यातली भाकरी सोडली. साखराबाईंनी इकडं डबा उघडला. "तिला म्हनावं, तू घास घे, मग मी घेते," त्या आदिनाथना म्हणाल्या. आदिनाथचा आवाज आता बसला होता, तरी त्यांनी ते सांगितलं. दोघींनी एकमेकींकडे बघत घास घेतला. मधून पाणी धो धो चाललं होतं. तिळाची पोळी त्या काठाला जाऊ शकली नाही, पण जेवण मात्र सात वर्षांनी एकत्र झालं. ते बघताना मला बाभळीच्या त्या ओढ्याचाही राग आला नाही.

परत आल्यावर रूपालीनं बाबांना सगळं सांगितलं, आपली चूकही सांगितली. तिनं स्वतः किल्ली पुढं केली. लिंबाजींनी किल्ली घेतली नाही. ते उठले आणि रिकाम्या खुंटीला आपली टोपी अडकवली. "ही जागा आता माज्या टोपीची," एवढंच म्हणाले.

आदिनाथ कामावर परतले, साखराबाई मात्र अहमदपूरला गेल्याच नाहीत. गडाखालीच, आमच्या घरी राहिल्या. रोज सकाळी रूपालीच्या आधी त्याच उठायच्या, काठी टेकत अंगणापलीकडच्या वावरात जायच्या, माती दाबायच्या आणि हात बघायच्या. बुधवारी म्हणाल्या, "न्हाई." गुरुवारी म्हणाल्या, "अजून चिकटतीया." शुक्रवारी मुटका फुटला, पण अर्धा बोटाला राहिला. शनिवारी त्यांनी टिचकी मारली आणि माती भुसभुशीत होऊन खाली सांडली. त्या अंगणातूनच ओरडल्या, "रूपे, वापसा आला!"

शनिवारी आमच्याकडे लोखंड घरात आणत नाहीत आणि मी तर अख्खी लोखंडाची. साखराबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे घरात कुटं येतंय, हे तर मला घराबाहेर नेतंय," आणि चढून बसल्या. सकाळी सात वाजता. चांगुणाबाईंनी फोनवर सांगितलं, दगड उघडा, त्यावर त्यांचं धुणंसुद्धा वाळत घातलंय. मी ओढ्यात उतरले, आणि खरंच दोन मिनिटांत पलीकडं गेले. नागुबाई उभ्याच होत्या. मी थांबायच्या आत साखराबाई उतरायला लागल्या. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि रडल्या, आणि रडता रडता नागुबाई म्हणाल्या, "लुगडं मोठं न्हाई आक्का, तू वाळलीसच." मग हळदीकुंकवाचं बोट माझ्या बॉनेटला लागलं. एक बोट हॉर्नलाही लावलं. एवढा मान मला नवी असताना मिळाला नव्हता.

निघताना रूपालीनं विचारलं, "आज्जी, तुम्हाला न्यायला कवा येऊ?"

साखराबाईंनी बहिणीकडे पाहिलं, मग वर आभाळाकडे. "तूच सांगतीस न्हवं? पाऊस पडला तर यायचं न्हाई. वापसा आला तरच यायचं. नेम म्हंजे नेम."

मित्रांनो, आता माझं एवढंच मागणं आहे. आडवाटेला निघालात तर माझ्यासारखीची चाकं, ब्रेक, वायपर आधी बघा, आणि ज्या हॉर्नची गरज नाही असं वाटतं तोही बघा. खाली उतरून माती हातात घ्या. डोक्यावरच्या उन्हावर जाऊ नका, ओढ्याच्या वरच्या गावाला विचारा. आणि कुणी पोरगी चिखलाचा हात दाखवून 'आज नाही' म्हणाली, तर तिच्यावर चिडू नका. माघारी वळायलाही गाडी चांगली लागते आणि चालवणारी त्याहून चांगली लागते.

त्या शनिवारी दुपारी परतीचा पाऊस पुन्हा आला. पुढं सहा दिवस वापसा काही आला नाही. चांगुणाबाई रोज सांगायच्या, दगड दिसंना. मी शेडमध्ये निवांत उभी होते आणि पत्र्यावरचा पाऊस ऐकत होते. सातव्या दिवशी माती सुटी झाली आणि आम्ही मोहवाडीला पोचलो, तेव्हा दोघी म्हाताऱ्या दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. साखराबाईंनी मान वर केली, मला पाहिलं, आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"आलीस व्हय गं?" त्या म्हणाल्या. "इतक्या लौकर?"